कपात चालू असलेल्या कंपनीतून बाहेर पडताना

पहिल्या कपातीनंतर फारसं कुणी कंपनी सोडत नाही. भीती असते, पण ‘गेले ते गेले, आता उरलेल्यांचं निभेल’ अशी समजूतही असते. लोक उठायला लागतात ते दुसऱ्या कपातीनंतर. बेळगावात उद्यमबागेपासून मच्छे, नावगेपर्यंत पसरलेल्या कास्टिंग आणि मशिनिंगच्या धंद्यात हे मी पर्सोनेलच्या टेबलामागं बसून पाहिलं आणि पुढं माझा राजीनामाही त्याच टेबलावर ठेवला. कंपनीचं नाव इथं नको. खालची पद्धत कुठल्याही कारखान्याला लागू पडते.

कागदावर कपात दिसण्याआधीच ठेकेदाराची माणसं गेलेली असतात. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं), लोडिंग, पॅकिंगवाले. त्यांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, कंपनीचं नसतं, म्हणून ती कपात म्हणून मोजलीच जात नाही. त्यांचं काम मग कायम कामगारांवर येतं. त्यानंतर सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा) सेटर, प्रोग्रॅमर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, क्वालिटीतला गेज आणि सीएमएम (मापं तपासायचं मशिन) जाणणारा माणूस बाहेर पडतो. ही माणसं कुणी काढलेली नसतात. कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल किंवा गोव्यात वेर्ण्याला त्यांना लगेच काम मिळतं, म्हणून ती आपणहून जातात. एक सेटर गेला की उरलेल्याच्या गळ्यात दुप्पट मशिनं पडतात. इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराची बदलायची टोकं, वेळेवर येत नाहीत, कारण पुरवठादार आता रोखीशिवाय माल देत नाही. बोथट इन्सर्टवर चार जॉब जास्त काढले की फिनिश बिघडते, रिजेक्शन वाढतं आणि सकाळच्या मिटींगमध्ये त्याचा जाब ऑपरेटरला विचारला जातो. माणूस सोडायचं ठरवतो तो या मिटींगमध्ये. काढून टाकतील ही भीती त्यामानानं मागं असते. आपला काही दोष नसताना आपलं नाव खराब होतंय आणि उद्या दुसरीकडं मुलाखतीला गेलो तर सांगण्यासारखं काम हातात उरणार नाही, ही बोच जास्त असते.

दुसरं कारण पैशाचं. पगार उशिरा होतो हे सगळ्यांनाच कळतं. पण पगारातून कापून घेतलेले पैसे पुढं पोचत नाहीत, हे उशिरा कळतं. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे आणि पीएफ १५ तारखेपर्यंत भरला गेला पाहिजे. ईपीएफओच्या पासबुकात महिन्यावार नोंद दिसते. दोन महिने सलग कोरे दिसले तर अकाउंट्सवाल्याच्या ‘सर्व्हर डाऊन आहे’वर विसंबू नये. पगारातून एलआयसीचा हप्ता जात असेल तर शाखेत जाऊन पॉलिसी चालू आहे ना ते बघावं. हप्ता कापला गेला पण भरला नाही, तर पॉलिसी बंद पडते आणि पगाराच्या चिठ्ठीवर कपात मात्र दिसत राहते. टीडीएस कापत असतील तर आयकर खात्याच्या पोर्टलवर तो आपल्या नावावर जमा दिसला पाहिजे.

कामगारांच्या पतसंस्थेचं प्रकरण वेगळंच. आपल्याकडं एकमेकांना जामीन राहायची रीत आहे. सोडून जाणाऱ्याचं कर्ज थकलं की वसुली जामीनदाराच्या पगारातून होते. त्यामुळं चांगली नोकरी हातात असतानाही लोक अडून बसतात. ‘मी गेलो तर अण्णांच्या पगारातनं कापतील की’ हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलंय. यावर उपाय एकच. राजीनाम्याआधी पतसंस्थेतून शिल्लक कर्जाचा लेखी उतारा घ्यायचा, शेअर्स आणि ठेव त्यातून वळती करून घ्यायची, आणि उरलेल्या रकमेसाठी स्वतःच्या बँक खात्यावरून हप्त्याची व्यवस्था लेखी करून द्यायची. आपण ज्याला जामीन आहोत त्याच्याकडूनही बदली जामीनदार मागायचा. संकोच वाटतो, पण नंतर भांडण होण्यापेक्षा बरं.

आता मूळ प्रश्न: राजीनामा द्यायचा की काढतील तोवर थांबायचं? याचं उत्तर आकड्यात शोधावं. बेसिक आणि डीए मिळून महिना १८,००० रुपये आणि नोकरी ११ वर्षं ७ महिने धरू. रिट्रेंचमेंट म्हणजे कपात झाली तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, म्हणजे १८,०००. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. वरचे सहा महिन्यांपेक्षा जास्त असतील तर ते एक वर्ष धरतात. म्हणजे १२ गुणिले ९,०००, एकूण १,०८,०००. ग्रॅच्युइटी वेगळी: १८,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १२, म्हणजे सुमारे १,२४,६१५. राजीनामा दिला तर यातली फक्त ग्रॅच्युइटी मिळते. फरक १,२६,००० रुपयांचा. भरपाईत महिन्याचा भागाकार ३० ने आणि ग्रॅच्युइटीत २६ ने होतो. अकाउंट्समध्ये या दोन्हींची गल्लत होते, म्हणून हिशेब स्वतः मांडून न्यावा.

हा फरक कंपनीला आपल्याआधी कळलेला असतो. म्हणून कपातीची नोटीस लावण्याऐवजी ‘राजीनामा लिहून दे, रेकॉर्ड चांगलं राहील, पुढं नोकरीला अडचण नाही’ असं सांगितलं जातं. किंवा लांबच्या प्लांटला बदली, पाळीत सतत फेरफार, काम न देता बसवून ठेवणं. कायद्यानं कपात करताना त्या त्या वर्गातला शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर कारण नोंदवावं लागतं. जुन्या, जास्त पगाराच्या माणसाला काढणं त्यामुळं अवघड पडतं. तोच आपणहून गेला तर कंपनीचा खर्चही वाचतो. उलट सेटरसारखा माणूस राजीनामा देतो तेव्हा कंपनीचं नुकसान होतं, पण भरपाई द्यावी लागत नाही म्हणून त्याला फारसं अडवतही नाहीत. तिमाहीच्या हिशेबात ती बचत दिसते, आणि तिसरी कपात लवकर येते.

‘मी स्टाफ आहे, मला भरपाई लागू नाही’ असं समजून इंजिनिअर मंडळी सगळ्यात आधी जातात. हे अर्धंच खरं. कायदा पदाचं नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघतो. तांत्रिक आणि कारकुनी काम करणारा कामगारच असतो, पगार कितीही असला तरी. माणसांवर देखरेख हेच ज्याचं मुख्य काम आहे आणि पगार ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तो बाहेर राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता (नवे कामगार कायदे) लागू झाल्या. तेव्हापासून ही मर्यादा महिना १८,००० आहे, पूर्वी १०,००० होती. त्यातल्याच औद्योगिक संबंध संहितेनं कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागणाऱ्या कारखान्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. उद्यमबागेतल्या बहुतेक युनिटना ही परवानगी आता लागत नाही, हे ध्यानात ठेवूनच किती थांबायचं ते ठरवावं. काढलेल्या कामगारासाठी १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत खात्यावर जमा व्हायची तरतूदही नवी आहे. ती मागायची आठवण ठेवा, कुणी आपणहून सांगत नाही.

नोकरीला पाच वर्षं व्हायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा. कायम कामगाराला पाच वर्षांआधीच्या राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी मिळत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना नव्या संहितेत ती एका वर्षानंतर मिळू शकते.

बोलताना आपण सगळ्यालाच ‘ले-ऑफ’ म्हणतो, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम बंद. नोकरी शाबूत असते आणि बेसिक अधिक डीएच्या ५० टक्के रक्कम मिळते. कारखान्यात किमान ५० कामगार असावेत आणि आपली वर्षभराची सलग सेवा असावी. इथं एक चूक बरेच जण करतात. ‘काम नाही, घरी बसा’ असं तोंडी सांगितलं की शेताकडं निघून जातात. ले-ऑफच्या दिवसांतही ठरल्या वेळी गेटवर जाऊन हजेरी लावावी लागते, नाहीतर त्या दिवसाचे पैसे जातात आणि सलग गैरहजेरीचा शेरा पडून उलट नोटीस येते. पंचिंग मशीन बंद ठेवलं असेल तर गेटवरच्या वहीत सही करावी आणि वहीचा रोज फोटो काढावा. साखर कारखान्यासारख्या हंगामी ठिकाणी ही ले-ऑफ भरपाई लागू नाही. चिकोडी-अथणीकडच्या लोकांनी तेवढं लक्षात घ्यावं.

सहीबद्दल थोडं सविस्तर. सीमाभागात बऱ्याच जणांचं शिक्षण मराठीतून झालेलं असतं आणि समोर येणारा कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतो. ‘फुल अँड फायनल’च्या कागदात शेवटी एक ओळ असते, की माझी सर्व येणी मिळाली, यापुढं माझा कोणताही दावा नाही. पैसे खात्यावर येण्याआधी ही सही घेतात. कागद घरी नेऊन वाचून घ्यायची मुदत मागावी. दिली नाही तर सहीच्या वर स्वतःच्या हातानं मराठीत लिहावं, ‘रक्कम मिळणे बाकी, हक्क राखून सही’, आणि फोटो घ्यावा. कोऱ्या कागदावर किंवा तारखेची जागा रिकामी असलेल्या राजीनाम्यावर सही करायची नाही. दबावानं राजीनामा घेतलाच तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलनं आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टानं तो मागं घेतल्याचं कळवावं, आणि त्याची प्रत जोडून बेळगावच्या कामगार खात्यात अर्ज द्यावा. महिनाभरानं केलेल्या तक्रारीत जोर राहत नाही.

मी माझं बाहेर पडणं कागदांपासून सुरू केलं. नियुक्तिपत्र, कायम केल्याचं पत्र, वाढीची पत्रं, बारा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, रजेचा शिल्लक उतारा, हे सगळं कंपनीचा ईमेल चालू असतानाच स्वतःच्या खात्यावर घेतलं. मेल आणि पोर्टल शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतात. नंतर यूएएनमधलं (पीएफच्या कायम क्रमांकावरचं) नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारशी ताडून पाहिलं. आपल्या भागात ही हमखास अडचण: शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, कन्नडवरून उतरवलेल्या आधारवर दुसरं, पीएफमध्ये आडनाव आधी. एका अक्षराच्या फरकानं क्लेम परत येतो. यूएएन ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारनं पडताळलेला असेल तर दुरुस्ती स्वतः ऑनलाइन होते. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते. गेटला कुलूप लागल्यावर ती मंजुरी द्यायला कोण शोधणार? म्हणून हे काम नोकरी शोधण्याच्याही आधी.

ईएसआय (कामगार राज्य विमा) असणाऱ्यांसाठी एक बारकावा. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. आजारपणाच्या पैशासाठी सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. घरात उपचार चालू असतील तर सप्टेंबरच्या मध्याऐवजी महिनाअखेर सोडणं केव्हाही चांगलं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी आधीच बघून ठेवावी.

राजीनाम्यात कारणं लिहू नयेत. तारीख, नोटीस कालावधी, शेवटचा कामाचा दिवस, शिल्लक रजा किती आणि ती कशी वळती करावी, एवढंच. शिक्का मारलेली प्रत परत घ्यायची. नव्या संहितेनुसार राजीनामा असो की कपात, पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. अडचणीतली कंपनी हे पाळेलच असं नाही, पण मागणीपत्रात हे आकडे लिहिलेले असले की आपली फाइल ढिगाच्या तळाशी जात नाही.

कंपनी दिवाळखोरीत एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली असेल तर रस्ता बदलतो. कर्नाटकातल्या कंपन्यांचं खंडपीठ बेंगळुरूला आहे. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेत दाव्याची तारीख असते; कामगाराने किंवा कर्मचाऱ्याने आपला दावा नमुना ‘डी’त भरायचा, सोबत पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचा उतारा. मालमत्ता विकण्याची वेळ आली तर कामगारांची मागच्या २४ महिन्यांची येणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं धरतात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यानंतर. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या विक्रीच्या वाटपात धरत नाहीत. स्टाफनं लवकर निघण्यामागं हाही हिशेब असतो, कुणी बोलून दाखवत नसलं तरी.

निपाणीकडच्यांना कागल जवळ, रोज जाऊन-येऊन जमतं. बेळगाव शहरातून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत असलं तरी पाळीच्या नोकरीला रोजचं नाही. राज्य बदललं तरी यूएएन आणि ईएसआयचा विमा क्रमांक तोच राहतो, फक्त दवाखाना बदलून घ्यायचा. पीएफ काढू नये, नव्या खात्यात वळवावा. पाच वर्षांच्या आत काढला आणि रक्कम ५०,००० किंवा वर असली तर १० टक्के टीडीएस कापला जातो. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपण स्वतः पोर्टलवर भरू शकतो. ती भरताना नव्या ठिकाणच्या रुजू तारखेच्या आधीचीच भरा. दोन्ही तारखा एकमेकींवर चढल्या की पूर्वी ट्रान्सफर अडायचं; २०२५ पासून तेवढ्याच कारणानं ते नाकारत नाहीत, पण दुरुस्ती लागलीच तर पुन्हा त्याच जुन्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागू शकतं.