तुम्ही विचारलेत म्हणून: दारू त्यांची, मग सभेला मी का?

"पिणारे तुमचे यजमान, आता तर त्यांची दारूही सुटली. मग दर आठवड्याला सभेला तुम्ही कशाला जाता?" हा प्रश्न मला लग्नकार्यांत, सोसायटीच्या जिन्यात आणि अलीकडे फोनवरही विचारला जातो. त्याचे उत्तर जिन्यात उभ्याउभ्या देण्यासारखे नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

मी जाते ती सभा अल-अनॉनची, म्हणजे दारूच्या आजारात सापडलेल्या माणसांच्या बायका, आईवडील, भावंडे यांच्या गटाची. प्रत्यक्ष पिणाऱ्यांसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही वेगळी संघटना आहे. परंतु दोहोंचे मूळ एकाच घरात सापडते. मे १९३५ मध्ये शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन शहरात कामासाठी गेला होता. काम फसले. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेल्या त्या माणसाला हॉटेलातला बार खुणावू लागला, तेव्हा त्याने एका धर्मगुरूंना फोन लावला आणि ज्याच्याशी मला बोलता येईल असा दुसरा कोणी दारुडा या शहरात आहे का, अशी विचारणा केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांची गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. उपदेश त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. पण हा माणूस त्यांच्याविषयी चकार शब्द न काढता स्वतःची दैना सांगत होता, आणि त्यांना सावरण्यापेक्षा आपला तोल जाऊ नये म्हणून आला होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस संघटनेचा स्थापनादिवस मानला जातो.

मला मात्र बिलपेक्षा त्याची पत्नी लोइस अधिक जवळची वाटते. त्याच्या पिण्याच्या वर्षांत तिने दुकानात नोकरी करून घर चालवले, आणि ज्यासाठी ती झुरली ते अखेर घडले, दारू सुटली. त्यानंतर एके दिवशी, सभेला उशीर होतो आहे, जरा आवर, असे त्याने सहज म्हणताच तिने पायातला जोडा त्याच्या दिशेने भिरकावला. इतकी वर्षे आपल्या जिवाच्या आकांताने जे साधले नाही ते चार परक्या दारुड्यांनी साधले, याचा तो संताप होता. नवरा शुद्धीवर आला तरी आपण बऱ्या झालेलो नाही, हे तिला त्या जोड्याने दाखवले. पुढे १९५१ मध्ये तिने एका मैत्रिणीच्या साथीने पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या गटांना एकत्र बांधले, तीच ही अल-अनॉन.

आमच्याकडे दारू सोडवायची म्हणजे माळ घालायची. वारकरी बुवांच्या हातून तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू वर्ज्य होते, आणि या माळेने सावरलेली माणसे मी माहेरच्या गावात डोळ्यांनी पाहिली आहेत. तिच्याविषयी कोणी हलके बोललेले मला खपत नाही. यजमानांना मीच पंढरपूरला नेले होते. काही दिवसांनी ते बाहेर पडण्यापूर्वी माळ काढून आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवू लागले. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच, चपला काढण्याच्याही आधी, माझी नजर त्या खिळ्याकडे जात असे. तिथे माळ दिसली की रात्र कशी जाणार ते कळून चुके आणि मी मुलाचा अभ्यास उरकून त्याला लवकर निजवत असे.

माळ घालायची ती त्यांनी, सुधारायचे ते त्यांनी, आणि विठ्ठलाने लक्ष घालायचे ते त्यांच्यातच, अशी माझी तेव्हाची श्रद्धा होती. स्वतःसाठी मी काही मागितलेच नाही, कारण मला काही झाले आहे असे वाटतच नव्हते. हप्ते भरणारी, त्यांच्या कचेरीत ताप आल्याचे कळवणारी, पाहुण्यांसमोर हसणारी मी धड आणि ते तेवढे मोडलेले, अशी आमच्या घराची वाटणी झाली होती. प्रत्यक्षात माझी झोप गेली होती, आणि मुलाशी बोलतानाही माझा कान दाराकडे लागलेला असे.

सभेत टप्प्याटप्प्याने आचरायच्या बारा पायऱ्या आहेत. त्यांतली पहिली म्हणते की दारूपुढे आम्ही हतबल आहोत. पुढच्या पायऱ्या आपल्याला जसा उमगला तशा ईश्वराच्या हाती स्वतःला सोपवायला सांगतात. ख्रिस्ती वळणाच्या मंडळींत जन्मलेल्या या वाटेवर 'जसा उमगला तसा' एवढी मोकळीक ठेवली गेली म्हणून माझा विठ्ठल तिथे सहज मावला. त्याच्यापुढे मी आता यजमानांचा हिशेब मांडत नाही. माझ्या हातात नाही ते सोडवत नाही, ते सोडण्याचे बळ दे, एवढेच मागते.

हे मागणे एकटीने टिकत नाही, म्हणून दर आठवड्याला सभा भरते त्या शाळेच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली, गुडघे न मावणाऱ्या बाकावर मी बसते. नवीन आलेली बाई बहुधा दाराजवळ बसते, पर्स मांडीवरून खाली ठेवत नाही. तिला सल्ला द्यायचा नाही, हा आमचा दंडक आहे. मी खिळ्याची हकीकत सांगते, दुसरी कोणी बाटल्या मोरीत ओतल्याचे सांगते. नवीन आलेली काय सांगते ते येथे लिहिता येणार नाही, कारण तिथले बोलणे तिथेच राहते. पण तिचे ऐकताना, आपण आता पार पडलो असा जो ताठा माझ्यात पुन्हा पुन्हा उगवतो, तो उतरतो. तिला माझी गरज आहे त्याहून मला तिची अधिक आहे, असे मी मनापासून म्हणते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हतबलता मान्य करणे म्हणजे मार खाणे नव्हे. घरात हात उगारला जात असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्यावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा त्यासाठीच आहे. देवाच्या नावाने बायकांना सोसायला लावणारे सल्ले मी पुष्कळ ऐकले आहेत आणि ते मला अधर्म वाटतात.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काही जणी आवाज खाली आणून विचारतात, हेही माझ्या ध्यानात येते. त्यांच्यासाठी इतकेच लिहिते की सभेला वर्गणी नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात जमेल ते टाकावे, न जमल्यास पुढे द्यावा. आडनाव कोणी विचारत नाही. पहिल्या दिवशी बोलले नाही तरी चालते, आणि घरातल्या माणसाने पिणे सोडलेले असावे अशी अट नाही.