गालाला हात

गालाला हात लावून बसू नये, दारिद्र्य येतं, असं घरात मोठी माणसं बजावत. तरी दुपारी खिडकीशी बसलं की हात आपला तिकडेच जातो.

जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने १५१४ साली तांब्याच्या पत्र्यावर एक पंखवाली बाई कोरली, ‘मेलेंकोलिया १’, म्हणजे उदासी. तीही अशीच बसलीय. मांडीवर कंपास, पायाशी करवत, रंधा, खिळे. मन कशातच नाही. कमरेला किल्ल्या आणि थैली. किल्ल्या म्हणजे सत्ता, थैली म्हणजे पैसा, असं ड्यूररनेच एका कच्च्या रेखाटनावर लिहून ठेवलंय. म्हणजे दारिद्र्याचा प्रश्नच नाही!

प्रश्न शनीचा आहे. उदासी काळ्या पित्तातून येते, ते पांथरीत साठतं आणि त्यावर शनीचा अंमल असतो, असं तिथले वैद्य मानत. फ्लॉरेन्सचा तत्त्वज्ञ मार्सिलिओ फिचिनो स्वतः उदास प्रकृतीचा. कुंभ लग्न आणि लग्नातच शनी. पत्रांतून त्याने याचं रडगाणं पुष्कळ गायलं. मग १४८९ मध्ये ग्रंथ छापून सांगितलं, की शनी छळतो खरा, पण खोल विचारही तोच देतो. फक्त त्याला गुरू, शुक्र, रवीचा उतारा हवा. उतारे मात्र झकास: संगीत, मद्य, मोकळ्या हवेतली फेरी. आपल्याकडे तेल वाहून भागतं.

त्या बाईच्या डोक्यामागे भिंतीवर सोळा घरांचा आकडेचौकोन आहे. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, चौतीस. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातही असाच चौकोन कोरलाय. एक ते सोळा आकडे असे बसवले की चौतीसच येणार. पण युरोपातल्या गूढविद्येत हा गुरूचा ताईत. ड्यूररने तळाच्या ओळीत १५ आणि १४ शेजारी बसवून चित्राचं सालही त्यात घातलं. मला वाटतं, त्याचा ताईतावर निम्माच विश्वास असावा. नाहीतर तो तिच्या पाठीमागे कशाला टांगला असता? ती वळून बघतसुद्धा नाही.

त्याला स्वतःलाही हे दुखणं असावं. ब्रेमेनच्या संग्रहालयातल्या एका रेखाचित्रात तो उघडा उभा राहून डाव्या कुशीतल्या पिवळ्या डागाकडे बोट दाखवतो: इथे दुखतं. पांथरीची जागा तीच.

१५२६ मध्ये त्याने ‘चार प्रेषित’ रंगवून न्यूरेम्बर्गच्या नगरपरिषदेला दिले. त्यात चार प्रकृती दिसतात, असं त्या चित्राखालची अक्षरं काढणाऱ्या नॉयडॉर्फरने लिहिलंय. त्यातला पॉल उदास प्रकृतीचा मानतात. तो पुढे उभा आहे, अंगावर पांढरा घोळदार झगा. आणि हात गालाला नाहीत, एकात ग्रंथ, दुसऱ्यात तलवार.