मागची तारीख

रविवार रात्र, इंदूर

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय होता. वाचन हिंदीतून झालं, माझ्या कानात मात्र आजीचा आवाज. लग्न होऊन अहमदनगरहून इकडे येताना तिनं मराठी शास्त्र ट्रंकेत घालून आणलं होतं. मी अजून त्यातूनच वाचते. वरिष्ठांच्या अधीन राहा. एरवी रामबागेत घरी पोचेपर्यंत विसरले असते. पण शुक्रवार अजून सलतोय.

शुक्रवारी साहेबांनी भांडारात 9 तारखेला आलेला माल मागच्या महिन्याच्या 30 तारखेला आल्याचं लिहायला सांगितलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर प्रत्येकच गोष्टीला नाही म्हणता."

हे खरं आहे, म्हणून लागलं. कपाटं नव्यानं लावा म्हणाले, नाही. चाव्या चारऐवजी तीनला जमा करा, नाही. दर शनिवारी शिल्लक मोजा, त्यालाही कुरकुर. यात देवाच्या आज्ञेविरुद्ध काय होतं? काहीच नाही. ते माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत आणि भांडार चौदा वर्षं माझ्या हातात आहे, एवढंच. वर चहाच्या वेळी मी कामावरच्या मुलींसमोर त्यांच्या बोलण्याची नक्कल करते.

दुपारी शास्त्रातलं दानीएलाचं पुस्तक काढून बसले. परक्या राजाच्या दरबारातला हा देवभक्त अधिकारी. सहाव्या अध्यायात त्याच्यावर टपलेल्या लोकांना त्याच्या राज्यकारभारात एकही दोष सापडत नाही. म्हणून राजाशिवाय कुणाकडे मागणं करायचं नाही हा बंदीहुकूम मोडून तो खिडकीशी देवापुढे गुडघे टेकतो, तेव्हा कशासाठी, हे कुणाला विचारावं लागत नाही. माझा खरा नकार चाव्यांच्या नकारातच मिसळून गेला. 'मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' हे येशूचा शिष्य पेत्र याचं अधिकाऱ्यांना दिलेलं उत्तर शुक्रवारी मी मनात केवढ्या ताठ्यानं म्हटलं होतं!

अधीन राहणं म्हणजे गप्प बसणं, असं मला अजूनही वाटत नाही. पौलानं हे पत्र लिहिलं ते साधारण इसवी सन 57 मध्ये, रोमच्या गादीवर नीरो असताना. तोच पौल फिलिप्पै शहरात, चौकशीशिवाय फटके मारून वर गुपचूप सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाला, स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. मागची तारीख मी टाकणार नाहीच.

पण दानीएलाच्या पहिल्या अध्यायातला तो खोजांचा सरदार आज प्रथमच नीट दिसला. दानीएलानं राजाकडचं अन्न नाकारलं तर राजाच्या हाती आपलं डोकं जाईल, ही त्याची भीती. दानीएल नुसतं नाही म्हणत नाही, दहा दिवस नुसत्या शाकभाजीवर ठेवून पाहा अशी विनंती करतो. साहेबांच्याही वर कुणीतरी आहे. महिन्याचा हिशेब बंद करायचा धाक त्यांनाही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हणून उद्या: नोंद खऱ्या तारखेची, शेऱ्यात उशिराचं कारण, सही माझी. वर पाठवायच्या खुलाशाचा मसुदा मीच करून नेईन. चाव्या तीनला. आणि त्याआधी मुलींना सांगायचं की ती नक्कल चुकीची होती. दाविदाला, जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा नुसता काठ कापल्याचंसुद्धा टोचलं होतं.

झोपण्यापूर्वी प्रार्थनेत पहिल्यांदा साहेबांचं नाव घेतलं. त्यांच्या घरच्यांसाठीही मागावं म्हटलं, तर घरी कोण कोण आहे तेच ठाऊक नाही. येऊन चार महिने झाले त्यांना. मी कधी विचारलंच नाही.