खुर्च्यांमागे उभी असलेली माणसे

जुन्या छायाचित्रांचा आणि कागदपत्रांचा डिजिटल संग्रह म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी स्कॅनर येतो. नागपूर आणि आसपासच्या घरांतून असे साहित्य मिळवून ते जतन करण्याच्या कामात मी काही काळापासून हातभार लावत आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. संग्रह उभा राहतो तो प्रतिमेसोबतच्या नोंदीवर. चित्रात कोण आहे, ते कुठे व केव्हा काढले, कोणाच्या घरातून आले, हे लिहिलेले नसेल तर कितीही उत्तम स्कॅन केलेले चित्र शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही. ते असून नसल्यासारखेच राहते.

नागपूरच्या बाबतीत ही निकड अधिक आहे, कारण या शहराचे कागद एका जागी कधी टिकलेच नाहीत. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसले राजांच्या दरबारावर ब्रिटिश रेसिडेंटची, म्हणजे तिथे नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीची, पकड बसली आणि भोसल्यांच्या मोडी दप्तरांच्या जोडीने इंग्रजी पत्रव्यवहाराचे ढीग वाढत गेले. भोसले राजे तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी बनले, आणि निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड १९०३ मध्ये त्याच कारभाराला जोडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि कामकाजाला लागणारे बरेचसे कागदही तिकडे गेले. आज एखाद्या अभ्यासकाला या शहराचा माग काढायचा असेल, तर नागपूरचे पुराभिलेखागार, भोपाळ, दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स अशी चहूकडे पायपीट करावी लागते. प्रादेशिक डिजिटल संग्रहात हे कागद निदान पडद्यावर तरी शेजारीशेजारी ठेवता येतात. पण सरकारी दप्तरात जे कधी शिरलेच नाही, ते घरांतूनच मिळवावे लागते.

अशाच एका घरातून आलेले, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले एक समूहचित्र माझ्या समोर आहे. ते कापड गिरणीतील एका खात्याचे आहे. पुढच्या रांगेत कोट-टोपी घातलेले आठ जण खुर्च्यांवर बसले आहेत, त्यांच्या मागे तीन रांगा उभ्या आहेत आणि अगदी पुढे जमिनीवर काही पोरसवदा मुले मांडी घालून बसली आहेत. खुर्चीवरल्यांच्या पायांत बूट आहेत आणि मुले अनवाणी आहेत. चित्राखाली छापील अक्षरांत आठच नावे आहेत, ती अर्थात खुर्च्यांवरल्या मंडळींची. पाठीमागे शिसपेन्सिलीने कोणी तरी एक बाण काढला आहे आणि त्यापुढे ‘बाबा’ एवढेच लिहिले आहे. त्या काळच्या बहुतेक समूहचित्रांची रीत हीच होती. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ उभारलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, हे कोणत्याही पुस्तकात सापडते. साच्यांवर, म्हणजे गिरणीतल्या मागांवर, उभ्या राहिलेल्या माणसांची नावे मात्र त्यांच्या नातवंडांच्या तोंडीच उरली आहेत. छापील आठ नावे जशीच्या तशी नोंदवून तिथेच थांबणारा संग्रह तीच जुनी रीत पुढे चालवतो, असे मला वाटते. म्हणून आम्ही उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला रांग आणि क्रमांक देतो, आणि नाव मिळेपर्यंत ती जागा रिकामी दाखवतो, म्हणजे ते नाव शोधायचे राहिले आहे हे पाहणाऱ्याला कळते.

ओळख पटवण्याचे काम वयस्कर माणसांजवळ बसूनच होते. माझ्या मावशीला एका लग्नाचे चित्र मोबाइलवर मोठे करून दाखवले, तेव्हा नवरा-नवरीकडे तिने नीट पाहिलेही नाही. कोपऱ्यातल्या कठड्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘अगं, मागं तलाव दिसून राहिला ना! हे तर आपल्या जुन्या घराच्या गच्चीवरचं आहे.’’ तेवढ्यावरून जागा ठरली आणि ते घर कुटुंबाने कधी सोडले त्यावरून काळही ठरला. तो तलाव नोंदवताना जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव आणि गांधीसागर ही तिन्ही नावे द्यावी लागतात, कारण शोधणारा कोणत्या पिढीचा असेल हे आधी सांगता येत नाही.

तारखांचे काम अधिक जिकिरीचे आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेतच शिकवले जाते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या मितीसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १७७५ मधील पौषापूर्वीचा कागद रघुजींच्या हयातीतला असू शकतो आणि त्याच शकाच्या फाल्गुनातला कागद त्यांच्या पश्चात लिहिलेला असतो. एका वर्षाच्या चुकीने तो वेगळ्याच राजवटीत जाऊन पडतो. महसुली कागदांवर फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेली महसुली कालगणना, हीही येते. अशा वेळी मूळ मिती जशी लिहिली आहे तशीच उतरवावी आणि रूपांतरित तारीख वेगळ्या रकान्यात द्यावी, म्हणजे पुढच्या वाचकाला आपले गणित तपासता येते. मोडी कागदांना देवनागरी लिप्यंतराची जोड मिळाली नाही, तर आजच्या बहुसंख्य मराठी वाचकांना ते उघडून पाहण्यापलीकडे काही करता येत नाही.

या कागदांची मागणी केवळ अभ्यासकांनाच असते, असेही नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्याचे व जातीचे पुरावे मागितले जातात. त्यासाठी शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, कोतवाल पंजी (गावातील जन्ममृत्यूची नोंदवही), बंदोबस्त मिसल (जमीन मोजणी व आकारणीची जुनी नोंद) यांच्या नकला मिळवायला विदर्भातील कुटुंबे वणवण करतात, आणि कधी कधी हवा असलेला जुना दाखला आजोबांच्या पेटीतच निघतो. मात्र असे कागद सर्वांना पाहता येतील असे मांडण्यापूर्वी घरच्यांची स्पष्ट संमती घेतली पाहिजे. मूळ कागद त्याच घरी परत गेला पाहिजे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो.

१९५६ च्या शरदात नागपुरात दोन मोठ्या घटना अठरा दिवसांच्या अंतराने घडल्या. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि १ नोव्हेंबरला शहराचे राजधानीपण संपले. दुसऱ्या घटनेच्या फायली सरकारने जपल्या. पहिल्या घटनेची व्यासपीठावरील छायाचित्रे सर्वांना ठाऊक आहेत. पण त्या मैदानात पांढरी वस्त्रे नेसून आलेली कुटुंबे कोणत्या गावांहून, कशी आली, कोणाकडे उतरली, हे घरातील अल्बम आणि आठवणी यांतूनच गोळा होऊ शकते. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांतले जे आज आहेत ते तेव्हा लहान होते. हे काम आता लांबणीवर टाकता येत नाही.

स्कॅनिंगची बाजू त्या मानाने सरळ आहे. पोस्टकार्डाएवढे चित्र निदान ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके) घ्यावे, मूळ प्रत टिफ या तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात ठेवावी, पाहण्यासाठी लहान आकाराची जेपेग करावी, कडा कापू नयेत आणि पाठीमागची बाजूही घ्यावी. संगणकाकडून रंग भरून घेतलेली चित्रे हल्ली फार लोकप्रिय आहेत, पण मला ती संग्रहात नकोशी वाटतात. आजीच्या लग्नातल्या शालूला यंत्राने दिलेला रंग हा निव्वळ अंदाज असतो आणि दहा वर्षांनी तोच पुरावा म्हणून दाखवला जातो.

खरा शत्रू आपले हवामान आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि लगेच पावसाळी दमट हवा सुरू होते. या उलटसुलटीत छायाचित्रावरील जिलेटिनचा थर आकसतो, फुगतो आणि काचेला चिकटून बसतो. भिंतीवरील चौकटीत काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावे. कागदाला लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही.

महाल आणि इतवारीतले जुने वाडे एकामागून एक पाडले जात आहेत, आणि दिवाळीच्या साफसफाईतही पुष्कळ कागद रद्दीत जातात. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती आवरू नका; कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रमही माहिती सांगतो. आधी पेटी उघडून वरून एक फोटो काढा, मग घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला जवळ बसवून मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करत एकेक चित्र दाखवा, आणि चित्रातल्या कडेच्या माणसापासून विचारायला सुरुवात करा.