आमची वाटचाल : माग गेले, मशीन आलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचे टॉवेलचे माग होते. धंदा बसत गेला, माग भंगारात गेले आणि त्याच शेडमध्ये आम्ही शाळेच्या गणवेशाची शिलाई सुरू केली. अशी कहाणी सोलापुरात गल्लोगल्ली ऐकायला मिळते. मला सांगायचंय ते नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांबद्दल.

बऱ्याच जणी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुलातून येतात. विडी कामगारांची ही दहा हजार घरांची वसाहत. २००६ साली घरं ताब्यात मिळाली. आईने जन्मभर विड्या वळल्या, लेक आता मशीनवर बसते. विडीचं काम घरातलं. पानं भिजवायची, स्वयंपाक उरकून कापायची, पोराला शेजारी निजवून वळायची. हजार भरले की झालं. आमच्याकडे मात्र साडेनऊला बेल. मशीन आठवड्यात हातात बसतं, बेल अंगवळणी पडायला महिना जातो.

त्याहून अवघड चेकिंगचं टेबल. विडी तपासताना छाट निघते, म्हणजे खराब विड्या बाद होतात, आणि नुकसान वळणारीचं होतं. तीच धास्ती घेऊन नवी मुलगी येते. कॉलरचं टोक बिघडलं की तो शर्ट गुपचूप बंडलाच्या तळाशी जातो. काजं-बटणं होऊन इस्त्रीपाशी पोचल्यावर तो सापडतो, मग सगळं उसवा. ओरडून हे थांबत नाही, उलट लपवण्यात हात साफ होतो. म्हणून पहिले दोन महिने नगावर हिशेब नाही, दिवसाची मजुरी ठरलेली. आल्टर, म्हणजे बिघडलेलं दुरुस्त, तिनेच करायचं, पैसे कापायचे नाहीत. आमच्या लाइनवरची अक्का तेलुगू, कन्नड, मराठी तिन्ही बोलते. पहिल्या दिवशी ती एवढंच सांगते : "बिघडलं तर वर ठेव गं, खाली नको."

पहिला पगार झाला की ऑफिससमोर गर्दी. पीएफचे १२ टक्के कळतात, घरात विडीचा 'फंड' ऐकलेला असतो. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का कशाचे, ते मात्र समजावून सांगावं लागतं. घरातलं कोणी कामगार विम्याच्या दवाखान्यात जाऊन आलं की तो प्रश्न पुन्हा निघत नाही.

भरती आम्ही सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर करतो. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे नुसती धावपळ. पत्र्याखाली बेचाळीस अंशात नव्या माणसाला शिकवायला ना अक्काला सवड, ना मला धीर.

शिकलेली मुलगी नगाला आठ आणे जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शेडमध्ये जाते, तेव्हा राग येतो, खोटं कशाला बोलू. पण त्यातल्याच काही जणी सीझन संपल्यावर परत येतात, येताना नणंदेला घेऊन. नणंदेचं मशीन कुठे लावायचं, ते अक्काच ठरवते.