तुम्ही विचारलंत म्हणून : ताहर मारण्याला माझा पाठिंबा का?

भारतीय असूनही हिमालयातल्या ताहरांना, म्हणजे तिथल्या रानबकऱ्यांसारख्या प्राण्यांना, मारण्याचे समर्थन मी कसे करतो, हा प्रश्न इथे न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये दर गणपतीत कोणीतरी विचारतेच, आणि विचारणाऱ्याचा निकाल बहुधा आधीच लागलेला असतो. १९०४ साली आओराकी-माउंट कुकच्या परिसरात हे प्राणी हौसेने सोडले गेले, यात त्यांचा दोष नाही हे मलाही कळते. पण वटवाघळे वगळता जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नसलेल्या या देशात डोंगरमाथ्यावरच्या वनस्पतींना चरणाऱ्या कळपांची सवयच नाही, आणि ताहरांवर वचक ठेवणारा हिमबिबट्याही इथे नाही. ताहर नियंत्रणाच्या १९९३ च्या सरकारी आराखड्याने त्यांच्या संख्येला दहा हजारांची मर्यादा घातली. ती कधीच ओलांडली गेली.

एका उन्हाळ्यात गॉडली नदीच्या खोऱ्यात वनस्पतींच्या नोंदी करायला मी गेलो होतो आणि आमच्याबरोबर एक शिकारी होता. त्याने कड्यावरची एक मादी अचूक टिपली. ती घरंगळत खालच्या दगडांत येऊन थांबली, आणि त्यानंतर तिचे पिल्लू, ज्या उतारावर मला चारही हातापायांनी चढावे लागले होते त्यावरून सहज उड्या मारत, तिच्यापाशी आले. ते तिला हुंगत राहिले आणि आम्ही जवळ गेलो तरी हलले नाही. आईविना ते जगणार नाही, असे सांगून शिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. त्याला माझी परवानगी नको होती, तरी तो थांबला होता. मी मान हलवली. त्या दिवशीच्या नोंदवहीत कुरतडलेल्या माउंट कुक लिलीच्या नोंदी माझ्याच अक्षरात आहेत, आणि त्या खोट्या नाहीत.

पुण्यात असताना, संख्या वाढली म्हणून जीव स्वस्त होत नाही, असे मी मित्रांना तावातावाने सांगत असे. त्या मुलाला आज मी राष्ट्रीय उद्यानांचा कायदा दाखवीन, बाहेरून आणलेले प्राणी शक्य तितके नाहीसे करावेत असे त्यात लिहिले आहे. आणि तो मला शेजारच्या कुरणांतल्या लाखो मेंढ्या दाखवील, ज्याही बाहेरूनच आणलेल्या आहेत. मेंढ्यांवर देशाचे पोट चालते, हे माझे उत्तर त्याला पटणार नाही. मलाही ते अर्धेच पटते. मात्र "मग ताहर हिमालयात परत का पाठवत नाही?" असे विचारणाऱ्यांनी आधी एखादा ताहर त्या कड्यावरून जिवंत उतरवून दाखवावा.