पिशवी काढली की थांबेल का?

"मॅडम, पिशवीच काढून टाकली तर थांबंल ना हे?" लातूरला पॅथॉलॉजीत स्लाइड बघायचं माझं काम, म्हणून हा प्रश्न मला लग्नात, एसटीत, हळदीकुंकवाला कुठंही गाठतो. पिशवी म्हणजे गर्भाशय. आणि दुखणं एन्डोमेट्रिऑसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे तुकडे बाहेर पोटात रुजण्याचं, पाळीत बाईला आडवं पाडणारं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

पाळीत गर्भाशयाचं अस्तर नुसतं गळून पडत नाही. त्याला धरून ठेवणारं कोलॅजन या चिवट प्रथिनाचं जाळं कापलं जातं, आणि ते कापतात एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज) नावाची एन्झाइमं. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्त असतं, त्याशिवाय ती चालत नाहीत. यातलं पहिलं १९६२ मध्ये सापडलं, बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. पावसाळ्यात डबक्यातल्या काळ्या पिल्लांची शेपूट विरते ना, ते यांचंच काम. तेव्हा ही एन्झाइमं मुळात वाईट नाहीत. शरीर त्यांना लगामही घालतं. अंडं सुटल्यावर वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक त्यांना आवरतं.

पाळीचं थोडं रक्त, अस्तराच्या तुकड्यांसह, गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं, हे अमेरिकी डॉक्टर सॅम्पसन यांनी १९२७ मध्येच मांडलं. पण ते तर बहुतेक बायकांचं जातं, आजार होतो दहातल्या साधारण एकीला. प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता यांचा त्यात वाटा आहेच. शिवाय या बायकांच्या अस्तराच्या पेशी बऱ्याचदा प्रोजेस्टेरॉनला दाद देत नाहीत, एन्झाइमं आवरत नाहीत. मग पोटात पडलेला तुकडा तिथलं आवरण कापत आत शिरतो, स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतो. काळ्या रानातल्या कुंदा तणासारखा.

असा एक तुकडा माझ्याकडे आला होता, आतड्यावरून काढलेला. गुलाबी तंतूंत जांभळ्या गोल ग्रंथी, शेजारी जुन्या रक्ताचे तपकिरी ठिपके. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : वय ३४, गर्भाशय आधीच काढलेलं. मी तो कागद दोनदा वाचला.

आपल्या भागात ही पिशवी फार लवकर काढली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळं कामाचा खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण होतं.

काहींना ते ऑपरेशन खरंच लागतं. पण तेव्हाही बाहेर रुजलेले तुकडे शोधून काढावे लागतात, नाहीतर दुखणं मागं राहू शकतं. त्याआधी प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्या आहेत, गरज पडली तर दुर्बिणीनं तुकडे काढता येतात. साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असंही नसतं. तेव्हा सही करायच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारा : "माझं दुखणं पिशवीत आहे, का बाहेर? बाहेरचं काढणार ना?"